सुटलास

दिवा जरा बारीक करा. विझवू नका. विझवला की तुमच्यातले अर्धे जण एकमेकांना चिमटे काढतात, मग गोष्टीतलं भूत कोणतं आणि खोलीतलं कोणतं ते सांगणाऱ्यालाच कळत नाही. दाराकडे पाठ करून बसलेल्यांनी एकदा मागे बघून घ्या. कोणी नाही ना? बरं. आता नंतर बघायचं नाही.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. ज्याच्यावर गुदरली तो चांगल्या ओळखीतला आहे, अजून नोकरीवर आहे. भेटला तर विचारा. सांगणार नाही, तो भाग वेगळा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे वाळूतून तेल. थोडं त्यानं सांगितलं, अधलंमधलं त्याच्या बहिणीनं भरलं, आणि मीठमसाला कोणी घातला ते विचारायचं नाही.

तो रुग्णवाहिकेवर होता. चालवणारा नव्हे, मागे बसणारा. आजाऱ्याला उचलायचं, नाकाला प्राणवायू लावायचा, हात धरायचा, आणि 'आलाच दवाखाना' असं खोटं बोलायचं, ही त्याची नोकरी. दिवस साथीचे होते. तुम्ही तेव्हा घरात बसून 'कंटाळा आला, कंटाळा आला' करत होतात. तो बाहेर होता.

त्याला सगळे ढिम्म म्हणायचे. आधी नव्हते म्हणत. आधी तो चांगला वात्रट होता, दुसऱ्याच्या खुर्चीवर ओला स्पंज ठेवून वर 'बसा की, उभे का' म्हणणाऱ्यातला. पुढे काहीतरी झालं आणि तो ढिम्म झाला. काय झालं ते सांगतो, पण त्याआधी पोतं कळायला पाहिजे.

त्या दिवसांत कामावर अंगात पांढरा सूट चढवायला लागे. लग्नातला नव्हे. डोक्याच्या टोपीपासून पायापर्यंत एकच, पुढून चेन लावून बंद. त्याचं खरं नाव तीन अक्षरी होतं, ते डॉक्टरीणबाई म्हणायच्या. बाकी सगळे पोतं म्हणायचे. आत माणूस बटाट्यासारखा उकडायचा. पण पोतं घालणं सोपं, गाढवालाही जमेल. मरण असतं ते काढण्यात. दिवसभराची घाण सगळी त्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेली. काढताना एक बोट चुकून डोळ्याला लागलं की झालं, तुम्ही ती घाण घरी नेणार आणि घरच्यांना खाऊसारखी वाटणार.

म्हणून नियम होता, एकट्यानं पोतं काढायचं नाही. गाड्या उभ्या करायच्या शेडमागे पत्र्याची लांबट खोली होती. मधोमध जमिनीवर पिवळी रेषा. अलीकडे घाण बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. रेषेवर जाड प्लास्टिकचा पडदा, आरपार दिसणारा. काढणारा अलीकडे उभा राहणार, जोडीदार पलीकडे. काढणाऱ्यानं चकार शब्द बोलायचा नाही. जोडीदार एकेक पायरी सांगणार, डोळ्यांत तेल घालून बघणार, आणि सगळं नीट झालं की शेवटी एकच शब्द म्हणणार. सुटलास. तो शब्द कानावर पडल्याशिवाय रेषा ओलांडायची नाही. मागे आग लागली तरी नाही.

हा शब्द मास्तरनं काढलेला. मास्तर म्हणजे ढिम्मचा जोडीदार. शाळेतला मास्तर नव्हे, शाळेचं आणि त्याचं पटलंच नव्हतं. 'मी तिला सोडलं की तिनं मला, आठवत नाही' म्हणायचा. पण पडद्यापलीकडे उभा राहिला की नुसती छडी कमी. बोलण्याआधी जिभेनं टक्‌ करायचा. टक्‌, 'हात'. म्हणजे हाताला औषध चोळ. टक्‌, 'बूट'. टक्‌, 'हात'. दर पायरीनंतर हात. खरोखरीच हात धुऊन मागे लागलेला माणूस. कोणी घाई केली की 'थांब' म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचा. लोक कंटाळायचे, शिव्या घालायचे, पण काढणाऱ्याला बोलायची बंदी, म्हणून मनातल्या मनात.

असा माणूस, आणि त्यालाच लागण झाली. कुठे झाली, कशी झाली, कोणाला कळलं नाही. दवाखान्यात त्याला वरच्या मजल्यावर ठेवलं. तिथं बायकोलाही जायची बंदी.

गाडी चालवणारा एक होता, सुसाट. कधी चाळिसाच्या वर काटा गेला नाही म्हणून सुसाट. एका दुपारी त्याचा फोन आला, "मास्तर सुटला रे."

आता बाहेरच्या जगात 'सुटला' म्हणजे काय, ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा. पण त्या शेडमध्ये त्या शब्दाचा एकच अर्थ होता. पोत्यातून निघाला, रेषा ओलांडली, घरी चालला.

"आधी सांगायचं नाही का," आपला हा म्हणाला. "इकडेच आण त्याला. मी चहा टाकतो."

आणि टाकला. खरंच टाकला. पलीकडे सुसाट काही बोलेना. यानं फोन कानाशी धरून चहात साखर घातली. मास्तरला गोड लागायचा म्हणून एक चमचा जास्त.

चहा आटून भांड्याला लागला, तेव्हा अर्थ लागला.

तेव्हापासून तो ढिम्म. रडला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. डॉक्टरीणबाईंनी बसवून विचारलं, "झोप लागते?" लागते. "भूक?" लागते. "मग होतंय काय?" "काही होतच नाही, बाई," तो म्हणाला. आजारी माणूस हातात गेला तरी त्याला काही होत नसे. बरा झाला तरी होत नसे. आणि शेडमध्ये तो शब्द सगळ्यांनीच टाकून दिला. पडद्यापलीकडून 'झालं' म्हणायला लागले. सुटलास कोणी म्हणेना.

मग लस आली. मास्तर गेल्यावर आली, हे ध्यानात ठेवा. कारण लोकांच्या तोंडी ते उलटं झालं. सुई आली आणि गाडीवाल्या मास्तरला खाऊन गेली, असं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण हे खोटं गल्लोगल्ली धावत होतं.

ते धावत धावत आक्काकडे पोहोचलं. आक्का म्हणजे ढिम्मची मोठी बहीण. आई लवकर गेली, हिनंच याला न्हाऊमाखू घालून वाढवला. तिला दमा. जिना चढली तरी छातीत शिट्टी वाजायची. तिच्या गल्लीत दोन घरांना कुलूप लागलं होतं, आणि कुलूप उघडणारं कोणी मागे राहिलं नव्हतं. दम्याच्या माणसाला या साथीनं गाठलं तर काय होतं ते ढिम्म रोज गाडीत मागे बसून बघत होता. म्हणून तो घरात पाऊल टाकत नसे. शेडमध्येच झोपायचा. संध्याकाळी आंघोळ करून आक्काच्या खिडकीखाली जायचा, ती पायरीवर ताट ठेवून आत व्हायची, आणि मग खिडकीच्या गजांमधून त्याची उलटतपासणी.

"भाजी कशी होती?"

"चांगली."

"मीठ?"

"बरोबर."

"घातलंच नव्हतं. मुद्दाम." तिचा श्वास चढला. "बाब्या, तुला चव लागते ना रे? वास येतो ना?"

"येतो."

"कशाचा येतोय आत्ता?"

त्यानं विचार केला. "तुझ्या बामाचा."

"मग मीठ नाही ते का कळलं नाही?"

"कळलं असेल. लक्ष नव्हतं."

तिनं गजाला कपाळ टेकलं. तो लगेच म्हणाला, "तू सुई घे, आक्का. बुधवारी शाळेत टोचणार आहेत."

"शेजारीण म्हणते, तुमच्या मास्तरला सुईनंच..."

"मास्तरच्या वेळी सुई नव्हती."

"मग तू का नाही घेतलीस? तुमचा नंबर तर पहिला होता."

भीती वाटत होती असं नाही. हात पुढे करण्याइतकंसुद्धा काही वाटत नव्हतं, हे बहिणीला कसं सांगणार?

"हे बघ," आक्का म्हणाली, "बुधवारी सात वाजता मी शाळेच्या दारात असेन. पहिली. तू माझ्यासमोर आधी घ्यायचीस. तू घेतलीस तर मी घेईन. तू नसलास तर मी तिथं थांबायची नाही, आणि पुन्हा मला कोणी सुईचं नाव काढायचं नाही. लिहून ठेव."

आक्काचं सात म्हणजे सात. आणि तिची 'नाही' म्हणजे दगडावरची रेघ. ढिम्म इतका ढिम्म, पण एवढं एक त्याला कळत होतं. बुधवारी सातला शाळेत नसलो, तर ही हातची जाणार.

आता मंगळवारची रात्र. उन्हाळा सरत आलेला. चांदणं पडलेलं, कुत्री गप्प झोपलेली; भुताच्या गोष्टीला शोभेल असं काही म्हणजे काही नव्हतं. अकराच्या सुमाराला फोन आला. एका आजीला श्वास घेता येईना. ढिम्म आणि सुसाट पोती चढवून निघाले, आजीला घेतलं, मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं. आजी शेवटपर्यंत कुरकुरत होती, "हळू चालवतो हा मेला." म्हणजे बरी होती.

दारातून परत फिरताना सुसाट गाडीला टेकून उभा राहिला.

"अंग तापलंय रे माझं."

"पोत्यात सगळ्यांचंच तापतं."

"हे निराळं आहे."

नर्सनं बघितलं आणि त्याला तिथंच ठेवून घेतलं. त्याची काळजी करू नका, त्याची सुई झाली होती. चार दिवस खोकला आणि पुन्हा चाळिसानं गाडी चालवायला लागला. पण त्या रात्री आत जाताना तो वळून म्हणाला, "एकटा पोतं काढू नकोस."

"नाही."

"दुसरी गाडी लांब गेलीय. सकाळी नऊशिवाय यायची नाही. खुर्ची घेऊन बाहेर बस. पण एकटा काढू नकोस."

"बरं."

"मास्तरची शपथ आहे."

ढिम्म चालवायच्या जागेवर जाऊन बसला. गाडी त्याला येत होती.

रस्ता रिकामा. दुकानांची दारं ओढलेली. सिग्नल तांबडा व्हायचा, हिरवा व्हायचा, कोणासाठी ते त्यालाच ठाऊक. ढिम्म हिशोब करत होता. नऊपर्यंत बसलो तर सात गेले. पोत्यासकट शाळेत गेलो तर शाळाच पळून जाईल. फोन करून कोणाला बोलवावं, तर फोन स्वच्छ बाजूच्या कपाटात. म्हणजे एकट्यानंच काढायचं. चुकलं तर चुकलं. स्वतःचं त्याला काहीच वाटत नव्हतं. पण चुकून अंगाला लागलं, आणि तेच घेऊन आक्काशेजारी जाऊन उभं राहिलो तर...

तेवढ्यात मागे आवाज झाला.

पोत्याचा एक आवाज असतो. चुरचुर. चिप्सची रिकामी पिशवी कोणीतरी हळूच चुरगाळावी तसा. माणूस जागच्या जागी हलला की येतो.

त्यानं आरशात बघितलं. मागचा भाग काळोखात. बाक रिकामं. आजीची गादी रिकामी.

आपलंच वाजलं असेल, म्हणून तो हलला नाही. श्वाससुद्धा धरला.

चुर... चुर...

तुम्ही असतात तर गाडी तिथंच टाकून पळाला असतात. हा पळाला नाही. शूर म्हणून नव्हे. घाबरायला आत काहीतरी शिल्लक लागतं, ते याच्याकडे नव्हतं. 'बस बाबा, तुलाही सोडतो,' असं मनात म्हणाला आणि गाडी चालवत राहिला.

शेडमध्ये कोणी नव्हतं. गाडी लावली, मागचं दार उघडून औषध फवारलं. आत कोणी नव्हतं. खोलीत आला. अलीकडच्या बाजूचा दिवा लावला. पलीकडच्या दिव्याचं बटण पलीकडेच. म्हणून तिकडे काळोख.

पडद्यासमोर उभा राहिला. दमलेला होता. तसाच उभा राहिला, जसा रोज राहतो.

"हात."

त्यानं बाटली दाबली, हात चोळले.

"बूट."

वाकून बुटांवरच्या पिशव्या काढल्या, डब्यात टाकल्या.

"हात."

चोळले.

"वरचे मोजे."

हातात दोन मोजे असतात, एकावर एक. वरची जोडी मनगटाकडून उलटी सोलून काढली.

"हात."

आता हसू नका. तुम्हाला वाटेल, एवढा खुळा कसा? पण रोज, दिवसातून कितीदा, पडद्यापलीकडून शब्द येतो आणि हात चालतात. शब्द कोणाचा ते डोकं विचारतच नाही. बैल काय 'थांब' म्हणणारा कोण ते बघून थांबतो?

"टोपी. मागून."

टोपी मागे टाकली. चेन ओढली. पोतं खांद्यावरून उतरवायला लागला. बाहेरची बाजू आत, आतली बाहेर, गुंडाळत गुंडाळत खाली, जसं शिकवलं तसं. घाई झाली. एक पाय काढताना तोल गेला आणि हात भिंतीकडे गेला.

टक्‌.

"थांब."

हात हवेतच राहिला.

तेव्हा त्याला कळलं.

आज पलीकडे कोणी नाही.

सुसाट दवाखान्यात. बाकीचे लांब. खोलीच्या पलीकडच्या दाराला निघताना यानंच आतून कडी घातलेली. आणि ही टक्‌...

तो एका पायावर उभा. मान वर करावी की नाही? नाही केली.

"हात," पलीकडून आलं. नेहमीच्याच आवाजात. ना खोल, ना घोगरा. जरा कंटाळलेला, जसा रात्रीच्या पाळीला असायचा.

त्यानं हात चोळले. पोतं उतरवलं. डब्यात टाकलं. हात चोळले.

"चष्मा. डोळे मीट."

चष्मा काढताना डोळे मिटायचे असतात. काचेवरचं पाणी डोळ्यात जाऊ नये म्हणून. मान पुढे वाकवायची आणि पट्टा मागून धरायचा.

मिटावे?

समोर ते... आणि आपण डोळे मिटून?

मिटले. नियम तो नियम.

चष्मा निघाला. डोळे मिटलेलेच. समोर पडद्याची हालचाल. अगदी जवळ. प्लास्टिक गालापासून वीतभर.

"मास्क. खालचा पट्टा आधी."

खालचा. मग वरचा. चेहरा उघडा पडला. रात्रीची हवा ओठांना लागली.

"हात. आतले मोजे. हात."

केलं. सगळं झालं. आता एकच शब्द राहिला.

तो वाट बघत उभा राहिला.

शब्द आला नाही.

कितीतरी वेळ गेला. शेवटी त्यानं डोळे उघडले.

पडद्यावर, तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक गोल. लहान होई. मोठा होई. लहान होई. पलीकडे कोणीतरी पडद्याला तोंड लावून श्वास घेत होतं.

आणि गोलामागे पांढरं.

पोतं.

स्वच्छ बाजूला पोतं घालून कोणी उभं राहत नाही. कधीच नाही. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण त्या खोलीत काम केलेल्या माणसाला विचारा. त्याला नुसतं भूत दिसलं असतं तर परवडलं असतं. पांढरं पोतं. टोपी, चष्मा, मास्क, सगळं जागच्या जागी. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. कशालाही न लावता. जसे काढणारा धरतो.

जसे पहिल्या शब्दाची वाट बघणारा धरतो.

ढिम्म बघत राहिला. ते हलेना. बोलेना. काढणाऱ्यानं बोलायचं नसतं.

वरच्या मजल्यावर कोणालाच सोडत नव्हते. जाताना मास्तरपुढे कोण उभं होतं? 'सुटला' असं सगळे एकमेकांना म्हणाले. फोनवर. त्याला कोणी म्हणालं नव्हतं.

ढिम्मचं तोंड कोरडं पडलं होतं. जीभ टाळूला चिकटलेली. ती सुटताना आवाज झाला. टक्‌.

"हात," तो म्हणाला.

पलीकडे बाटली दाबल्याचा आवाज.

"बूट."

खसखस.

"हात."

त्यानं घाई केली नाही. एक पायरी गाळली नाही. वरचे मोजे. हात. टोपी, मागून. चेनीचा आवाज वरून खाली... लांब. पोतं गुंडाळत खाली जायला लागलं, तसं त्यात काय आहे, हे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"हात. चष्मा. डोळे मीट," तो म्हणाला.

आणि स्वतःच डोळे मिटून घेतले.

"मास्क. खालचा पट्टा आधी."

रबर ताणल्याचा बारीक आवाज. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"हात. आतले मोजे. हात."

मग काहीच नाही. आता पलीकडचा वाट बघत होता.

त्या दुपारपासून त्यानं तो शब्द उच्चारला नव्हता. दुसऱ्या कोणी उच्चारला तर उठून बाहेर जायचा. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसऱ्यांदा म्हणाला.

"सुटलास."

...

डोळे उघडले. पडद्यावर वाफ नव्हती. पलीकडे काळोख, नेहमीचा, कपाटाच्या आकाराचा.

आता एवढं झाल्यावर कोणीही बाहेर पडेल. हा पडला नाही. का? अहो, याला कोण म्हणालं होतं सुटलास? कोणीच नाही. आणि शब्दाशिवाय रेषा ओलांडायची नाही. पायाची बोटं रेषेला लावून तो उभा राहिला. पाय उचलायचा म्हटलं तर उचलेना. पत्र्याच्या भोकांतून उजेड आत यायला लागला. पाखरं ओरडायला लागली. सात वाजायला येत होते आणि आक्का चपला घालत असेल, हे त्याला कळत होतं. तरी उचलेना.

बाहेरून खराट्याचा आवाज आला. मग मावशी अलीकडच्या दारात. झाडणारी मावशी, जिच्यापुढे डॉक्टरीणबाईसुद्धा पाय उचलून बसायच्या.

"असा काय उभा आहेस खांबासारखा?"

हा गप्प.

"पोतं काढलंस? नीट काढलंस? हात चोळलेस?"

यानं मान हलवली.

"मग कोणाची वाट बघतोस? सुटलास बाबा, सुटलास, हो पलीकडे. मला झाडू दे."

पाय उचलला गेला.

तो पलीकडे गेला. इकडे तिकडे बघितलं नाही. तसाच न्हाणीत शिरला, साबण लावून लावून आंघोळ केली, आणि ओल्या केसांनी शाळेकडे पळत सुटला. ढिम्म पळताना त्या गावानं पहिल्यांदा बघितला.

आक्का शाळेच्या पायऱ्या उतरत होती. उतरत. पदरानं घाम पुसत.

"आक्का, थांब."

"सात वाजून गेले."

"एवढ्यानं काय होतंय?"

"तुझं काही होत नाही रे. माझं होतं. मला वाटलं..." तिला धाप लागली, पुढचं राहिलं. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "झोपला नाहीस?"

"नाही."

त्यानं बाही वर केली आणि आत जाऊन खुर्चीत बसला. नर्सनं सुई टोचली. आक्का वाकून वाकून बघत होती, सुई खरी आहे की नाही ते. मग काही न बोलता स्वतः बसली, डोळे घट्ट मिटले, आणि "टोच बाई, पण सांगू नकोस" म्हणाली. तोवर टोचून झालं होतं. "एवढंच?" म्हणाली. जरा निराशच झाली.

टोचल्यावर थोडा वेळ तिथंच बसायचं असतं. दोघं बाकावर बसले. पहिल्यांदाच एका बाकावर, किती दिवसांनी.

"दुखलं का रे?"

"नाही."

समोर माणसं येत होती, बाह्या वर करत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "दुखतंय."

"कुठे?"

त्यानं वर केलेली बाही खाली घेतली.

"दंडात," म्हणाला.

आक्कानं दंडाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि रुमाल पुढे केला. तो रुमाल त्यानं घेतला.

तेवढ्यात मावशी आली. तिचीही सुई त्याच दिवशी होती. येतानाच आवाज चढलेला.

"काय रे, कोणाला बोलावलं होतंस रात्री?"

"कोणाला नाही."

"मग दोन पोती कशी?"

"एकच. डब्यात टाकलं मी."

"ते सापडलं. मी दुसऱ्याचं बोलतेय. पलीकडे, दारामागे. स्वच्छ बाजूला कोण काढतं रे पोतं? मी म्हातारी, लिहायला वाचायला येत नाही, पण एवढं मला कळतं. नीट गुंडाळलेलं होतं, आतली बाजू बाहेर, अगदी शिकवल्यासारखं, म्हणून शिव्या दिल्या नाहीत."

"आधीचं असेल कधीचं तरी," आक्का म्हणाली. "पडून राहिलं असेल."

"आधीचं?" मावशी खाली बसली आणि बाही वर करायला लागली. "मी मोजे घालून उचललं ना ते. आतून घामानं चिंब होतं. गरम होतं अजून."